अक्षरे ओळखीची, वाचन परके: बहारीनमधली मराठी मुले आणि ओघवत्या वाचनाचा प्रश्न

महाराष्ट्रात २०२५ चा उन्हाळा भाषेच्या वादात गेला. १६ एप्रिलच्या शासन निर्णयाने पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा अनिवार्य झाली, १७ जूनच्या सुधारित निर्णयाने तिची अनिवार्यता शब्दांपुरती सैल झाली आणि २९ जून रोजी दोन्ही निर्णय मागे घेऊन डॉ. नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली. या अडीच महिन्यांत अस्मिता, राजकारण आणि संघराज्य यांविषयी पुष्कळ बोलले गेले. प्राथमिक शिक्षकांनी आणि भाषातज्ज्ञांनी मांडलेला एक साधा प्रश्न मात्र गोंगाटात हरवला: सहा वर्षांचे मूल एका भाषेत सहज वाचू लागण्यापूर्वीच त्याच लिपीतली दुसरी भाषा त्याच्यासमोर ठेवली, तर त्याच्या वाचनाचे काय होते?

आखातातील मराठी कुटुंबांना हा प्रश्न नवा नाही. त्यांची मुले हाच प्रयोग उलट्या दिशेने जगत आहेत. ती आधी इंग्रजी वाचायला शिकतात, मग हिंदी आणि मराठी अखेरीस, वाचलीच तर.

बहारीनमधील बुसैतीन घ्या. मुहर्रक बेटाच्या वायव्य बाजूला, समुद्रात भराव घालून वाढत गेलेली ही वस्ती. किंग हमद विद्यापीठ रुग्णालय येथे आहे आणि आयर्लंडच्या रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्सचे वैद्यकीय विद्यापीठही येथेच आहे. अशा भागात राहणाऱ्या भारतीय कुटुंबांची मुले शाळेच्या बसने पूल ओलांडून मुख्य बेटावर जातात. १९५० साली स्थापन झालेल्या ‘द इंडियन स्कूल’ची संकुले ईसा टाउन आणि रिफा येथे आहेत, त्याखेरीज केंद्रीय मंडळाशी संलग्न इतर शाळाही आहेत. माध्यम इंग्रजी, प्राथमिक वर्गांपासून हिंदी आणि आजूबाजूच्या पाट्यांवर अरबी. मराठी घरात असते, ती कानांत आणि जिभेवर. कागदावर ती दिसते ती गणेशोत्सवाच्या निमंत्रणपत्रिकेत.

ज्या बेटावर ही मुले वाढत आहेत त्याचा स्वतःचा शैक्षणिक इतिहास उल्लेखनीय आहे. बहारीनमधली पहिली आधुनिक सार्वजनिक शाळा, अल्-हिदाया अल्-खलिफिया, १९१९ मध्ये मुहर्रकला सुरू झाली आणि मुलींची पहिली सरकारी शाळाही १९२८ मध्ये मुहर्रकलाच. आखातात हे फार लवकर घडले. तेव्हा बाजारात भारतीय रुपया चालत होता (रुपया हे चलन १९६५ पर्यंत टिकले) आणि मोती मुंबईला जात होते. एवढ्या जुन्या शालेय परंपरेच्या देशालाही आज लहान मुलांच्या वाचनाची चिंता आहे, ही गोष्ट आपण नीट पाहावी. चौथीच्या मुलांचे वाचन मोजणाऱ्या ‘पिर्ल्स’ या आंतरराष्ट्रीय चाचणीत बहारीनला २०१६ मध्ये ४४६ आणि २०२१ मध्ये ४५८ गुण मिळाले. या मापनपट्टीचा मध्यबिंदू ५०० आहे आणि २०२१ मध्ये सिंगापूर ५८७ वर होते. बारा गुणांची वाढ दिलासादायक वाटते, परंतु महासाथीमुळे २०२१ ची चाचणी बहारीनसह अनेक देशांत मुले पाचवीत गेल्यावर घेण्यात आली. तेव्हा ती मुले वयाने सुमारे अर्ध्या वर्षाने मोठी होती. ती वाढ अध्यापनाची किती आणि वयाची किती, हे त्या आकड्यातून सांगता येत नाही. मुलींचे गुण मुलांपेक्षा पुष्कळ अधिक असतात, हे आखातातील सर्वच देशांप्रमाणे येथेही दिसते.

अरबी वाचनाच्या अडचणींचे एक कारण मराठी पालकांना ओळखीचे वाटेल. मूल घरी बहारीनी बोली ऐकते आणि शाळेत ‘फुसहा’, म्हणजे प्रमाण अरबी, वाचते. पहिलीच्या पुस्तकातले शब्द त्याने आईच्या तोंडून ऐकलेलेच नसतात. जागतिक बँकेने २०२१ मध्ये अरबीच्या अध्यापनावर प्रसिद्ध केलेल्या अहवालात या प्रदेशातील ५९ टक्के मुलांना दहाव्या वर्षी वयानुरूप साधा मजकूर वाचून समजत नाही, असे म्हटले आहे. त्या अहवालाचा भर लहान वयापासून मुलांना प्रमाण भाषेतल्या गोष्टी वाचून दाखवण्यावर आहे. आपल्याकडे घरातले ‘केलं, गेलं, पाहिलं’ आणि पाठ्यपुस्तकातले ‘केले, गेले, पाहिले’ यांत अंतर तेवढे मोठे नाही. पण ज्या मुलाने फक्त बोललेली मराठी ऐकली आहे, त्याला छापील ‘गेले’ हे अनेकवचन वाटते आणि वाक्याचा अर्थ क्षणभर निसटतो.

येथे ‘ओघवते वाचन’ म्हणजे काय, हे स्पष्ट केले पाहिजे, कारण पालकांच्या मनात ओघ आणि वेग यांची गल्लत झालेली असते. मिनेसोटा विद्यापीठातील डेव्हिड लाबर्ज आणि जे सॅम्युएल्स यांनी १९७४ मध्ये मांडलेली उपपत्ती आजही या विषयाचा पाया आहे. माणसाचे लक्ष मर्यादित असते. ते अक्षरे उलगडण्यातच खर्च झाले, तर अर्थासाठी काही उरत नाही. अक्षर आणि शब्द ओळखणे आपोआप होऊ लागले की लक्ष मोकळे होते. सायकल शिकणाऱ्याला पायडल आणि तोल यांतून डोके वर काढता आले की रस्ता दिसतो, तसे. सॅम्युएल्सने १९७९ मध्ये सुचवलेला उपाय कमालीचा साधा होता: एकच छोटा उतारा, मुलाला तो सहज येईपर्यंत, पुन्हा पुन्हा मोठ्याने वाचू द्यावा. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाचन समितीने २०००च्या अहवालात उपलब्ध संशोधन तपासून असा निष्कर्ष काढला की मार्गदर्शनासह केलेल्या प्रकट वाचनाने ओघ आणि आकलन दोन्ही सुधारतात. मुलांना नुसते गप्प बसून वाचायला सांगितल्याने ओघ वाढतो, याला मात्र पुरेसा पुरावा तिला मिळाला नाही. वेग हे या साऱ्याचे एक बाह्य लक्षण आहे. अचूकता, योग्य जागी थांबणे, वाक्याच्या अर्थाप्रमाणे आवाज चढणे-उतरणे हीही तितकीच महत्त्वाची लक्षणे. ‘नाही आला’ हे प्रश्न म्हणून वाचायचे की विधान म्हणून, हे कळल्याशिवाय ते नीट वाचता येत नाही.

भारतात ‘निपुण भारत’ अभियान ५ जुलै २०२१ रोजी सुरू झाले. तिसरीच्या अखेरीस प्रत्येक मुलाला समजून वाचता यावे, हे त्याचे २०२६-२७ पर्यंतचे उद्दिष्ट. महाराष्ट्राने मार्च २०२५ मध्ये दुसरी ते पाचवीच्या विद्यार्थ्यांसाठी ‘निपुण महाराष्ट्र’ कृतिकार्यक्रमही काढला. गरज उघड आहे. ‘असर’ २०२४ नुसार ग्रामीण भारतातील सरकारी शाळांत तिसरीच्या २३.४ टक्के मुलांनाच दुसरीचा मजकूर वाचता येत होता. हा आकडा २०२२ मधल्या १६.३ टक्क्यांहून बराच वर आला आहे आणि २०१८ च्या २०.९ लाही मागे टाकतो, तरी चारपैकी तीन मुले अजून बाहेरच आहेत.

या अपयशाचे मूळ कुठे आहे, याचा मराठीपुरता बारकाईने शोध गेल्या दशकात पालघर जिल्ह्यात घेतला गेला. शैलजा मेनन आणि सहकाऱ्यांनी ‘क्वेस्ट’ या संस्थेच्या सहकार्याने तेथील मराठी आणि कर्नाटकातील यादगीरची कन्नड मुले तीन वर्षे अभ्यासली. निष्कर्ष जुन्या पद्धतीला न मानवणारा आहे. आधी संपूर्ण वर्णमाला, मग बाराखडी, मग जोडाक्षरे आणि हे सारे झाल्यावर अर्थपूर्ण वाचन, या क्रमात लिपीच इतका काळ खाऊन टाकते की अनेक मुले तिसरी संपेपर्यंत अर्थपूर्ण वाचनापर्यंत पोहोचतच नाहीत. हिशोब करून पाहा. चौतीस व्यंजने धरली आणि प्रत्येकाची बारा रूपे, तर चारशेहून अधिक आकृत्या होतात आणि त्यांत जोडाक्षरे आलेली नाहीत. इंग्रजी मुलाला सव्वीस अक्षरे शिकावी लागतात, हे खरे. मात्र त्या सव्वीस अक्षरांचे उच्चार लहरी असतात. आपली लिपी प्रामाणिक आहे पण विस्तीर्ण आहे. कन्नड मुलांवर सोनाली नाग यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातही अक्षरसंचावर प्रभुत्व येण्यास प्राथमिक शाळेची कितीतरी वर्षे लागतात, असेच दिसले.

फलटणमध्ये मॅक्सीन बर्नसन यांनी या प्रश्नाला चाळीस वर्षांपूर्वीच हात घातला होता. अमेरिकेत जन्मलेल्या, मराठीच्या सामाजिक बोलीभेदांवर पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात संशोधन केलेल्या आणि पुढे भारताचे नागरिकत्व घेतलेल्या या बाईंनी प्रगत शिक्षण संस्था आणि कमला निंबकर बालभवन उभे केले. तेथे रुजलेली पद्धत अशी: थोडी अक्षरे आणि एखाददोन स्वरचिन्हे घ्यायची, त्यांतून लगेच शब्द करायचे, शब्दांतून लगेच वाक्य. ‘क ख ग घ’ पासून ‘ज्ञ’ पर्यंत जाईस्तोवर मुलाने थांबायचे नाही. दुसऱ्या बाजूने, पहिल्या दिवसापासून त्याला गोष्टी वाचून दाखवायच्या. परदेशातून आलेल्या व्यक्तीने आपल्या लिपीचे अध्यापन आपल्यापेक्षा अधिक स्वच्छपणे पाहावे, याचे आश्चर्य वाटू नये. आपण बाराखडी तालात म्हणत मोठे झालो, तिच्याकडे बाहेरून पाहण्याची वेळच आली नाही.

आता वेगाच्या मापाकडे. ‘निपुण’ने तिसरीसाठी मिनिटाला किमान साठ शब्द अर्थासह वाचण्याचे लक्ष्य ठेवले आहे. दुसरीसाठी ते पंचेचाळीस ते साठ आहे. परदेशातील मराठी पालक आपल्या मुलाची तुलना त्याच्या इंग्रजी वेगाशी करतात आणि निराश होतात. ही तुलना मुळातच चुकीची आहे. इंग्रजीत चार शब्द लागतील अशी गोष्ट मराठी एका शब्दात बांधते. हिंदीत ‘मंदिर के पास वाले’ हे चार शब्द, मराठीत ‘देवळाजवळचे’ हा एक. हिंदीत ‘घर में’ दोन, मराठीत ‘घरात’ एक. शिवाय प्रत्यय लागताना मूळ शब्द रूप बदलतो: देऊळ-देवळात, पाऊस-पावसात, मूल-मुलाला, विहीर-विहिरीत. ‘देऊळ’ पाहून ओळखणारे मूल ‘देवळातल्यांनी’ समोर आल्यावर अडते, कारण त्याच्या दृष्टीने तो नवाच शब्द असतो. म्हणून मराठीतले साठ शब्द हिंदीतल्या साठांपेक्षा जड असतात. शब्दांऐवजी अक्षरे मोजावीत, असे मला वाटते. आणि त्याहीपेक्षा, सामान्यरूप हे पाचवीच्या व्याकरणाचे प्रकरण न मानता दुसरीच्या वाचनाचा भाग मानावे: एकाच शब्दाची पाच रूपे एकाखाली एक, मोठ्याने, रोज.

आखातातील मुलांचा प्रश्न याहून थोडा वेगळा आहे आणि, माझ्या मते, अधिक आशादायक. न्यू जर्सी किंवा लंडनमधील मराठी मुलाला देवनागरी शून्यापासून शिकावी लागते. बुसैतीनमधल्या मुलाला ती हिंदीच्या तासाला मिळालेली असते. लिपीची निम्म्याहून अधिक किंमत शाळेने आधीच चुकती केली आहे. तरीही मंडळांच्या मराठी वर्गांत पुष्कळदा पुन्हा ‘अ अननसाचा’ पासून सुरुवात होते, मूल कंटाळते आणि तिसऱ्या आठवड्यापासून येईनासे होते. त्याला शिकवायचा असतो तो फक्त फरक.

हा फरक मोजकाच आहे, पण तोच ओघ अडवतो. ‘ळ’ हिंदीत नाही. ‘ज्ञ’ हिंदीच्या तासाला ‘ग्य’ होतो, मराठीत ‘द्न्य’. ‘कृष्ण’ तिकडे ‘क्रि’, इकडे ‘क्रु’. ‘बॅट’वरचा चंद्र हिंदीत दिसत नाही. छापील ‘ल’ आणि ‘श’ यांची वळणेही दोन भाषांत वेगळी असतात. ‘च’, ‘ज’, ‘झ’ यांचे मराठीत दोन उच्चार आहेत आणि लिपी त्यांतला कोणता ते सांगत नाही. ‘चार’ आणि ‘चारा’ यांतला ‘च’ एक नाही. ‘जग’ म्हणजे विश्व आणि ‘जग’ म्हणजे जिवंत राहा, हे दोन्ही एकसारखेच लिहिले जातात. हिंदीवर वाढलेले मूल ‘चमचा’ हिंदीसारखा उच्चारते आणि आजी हसते. ते हसणे प्रेमाचे असते, पण मुलाला ते तसे कळतेच असे नाही. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ हा भेद तर बेटावरच्या मुलांना शिकवायला सर्वांत सोपा, कारण त्यातला पहिला खिडकीतून दिसतो. एवढे सारे मिळून सहा-आठ तासांचे काम आहे.

याच्या उलट बाजूने महाराष्ट्रातील वादाकडे पाहावे. तेथे पहिलीतल्या मुलाला एकाच चिन्हाचे दोन उच्चार, दोन भाषांच्या दोन नियमांनुसार, दोन्ही कच्चे असताना शिकावे लागले असते. लिपी समान असल्याने ओझे वाढत नाही, असा युक्तिवाद सरकारी बाजूने झाला. लिपी समान असणे हा फायदा तेव्हाच ठरतो, जेव्हा दोहोंपैकी एकीत वाचन आपोआप होऊ लागलेले असते. आखातातील आठ-नऊ वर्षांचे मूल त्या टप्प्यावर असते. पालघरमधले सहा वर्षांचे वारली मूल, ज्याची घरची बोली पाठ्यपुस्तकातली मराठीही नाही, ते नसते.

वर्गात प्रत्यक्ष काय घडते, हा या सर्वांतला सर्वांत दुर्लक्षित भाग. भारतीय शाळांत, येथेही आणि तेथेही, प्रकट वाचनाचा अर्थ असा की एक मूल उभे राहून चार ओळी वाचते आणि बाकीचे ऐकल्यासारखे करतात. चाळीस मिनिटांचा तास आणि तीस मुले असतील, तर प्रत्येकाच्या वाट्याला सव्वा मिनिट येते. त्यातही हुशार मुलांना उभे केले जाते. अडखळणारे मूल आपली पाळी येणार त्या ओळी आधीच मोजून पाठ करून ठेवते. पाठांतराला आपल्या संस्कृतीत मोठा मान आहे. परवचा आणि रामरक्षा म्हणणारे चार वर्षांचे मूल कौतुकास्पदच असते, पण ते वाचत नसते, आणि पहिलीतले मूल बोट भलत्याच ओळीवर ठेवून धडा घडाघडा म्हणते तेव्हा तेही वाचत नसते. शिक्षकाने एखादे वाक्य मधूनच विचारले की हे लगेच कळते.

त्याऐवजी पहिली पाच मिनिटे शिक्षकाने उतारा स्वतः नीट वाचून दाखवावा. मुलांची बोटे ओळीखाली फिरत असावीत. मग सर्वांनी मिळून एकदा. मग जोड्या: थोडे चांगले वाचणारे आणि थोडे अडणारे, वीस मिनिटे, आळीपाळीने. प्रत्येक मुलाच्या वाट्याला सव्वाऐवजी दहा मिनिटे येतात. वर्गात गलका होतो, पर्यवेक्षक डोकावले तर कपाळाला आठ्या पडतात. दुसऱ्या दिवशी तोच उतारा. तिसऱ्या दिवशीही तोच, या वेळी नाटकासारखा, पात्रे वाटून. नवा धडा ‘पूर्ण’ करण्याच्या घाईत हे कोणी करत नाही. इंग्लंडने २०१२ पासून पहिलीच्या प्रत्येक मुलाची उच्चारण-चाचणी सुरू केली आणि मिसिसिपी राज्याने २०१३ मध्ये तिसरीच्या वाचनाचा कायदा केला. दोन्ही ठिकाणी सुधारणा दिसली ती शिक्षकांच्या प्रशिक्षणावर आणि चाचणीनंतरच्या मदतीवर खर्च झाला म्हणून. घड्याळ लावून मोजण्याने आपोआप काही घडत नाही. भारतात मात्र चाचणीचा भाग तेवढा उचलला जाण्याची भीती मला वाटते.

मंडळाच्या वर्गाची अडचण वेगळी आहे. शुक्रवारी दोन तास, वर्षाचे पस्तीस आठवडे धरले तर सत्तर तास होतात. त्यांतला बराच वेळ स्नेहसंमेलनाच्या तालमीत जातो, हे सर्वांना ठाऊक आहे. घरी रोज दहा मिनिटे, वर्षाचे तीनशे दिवस, याचे पन्नास तास होतात आणि ते सगळे एकाच मुलाचे. ऐकायला कोण? पुण्यात किंवा सांगलीत आजी-आजोबा आहेत आणि रोज फोन होतोच. त्याच पानाचे तीन दिवस वाचन, तिसऱ्या दिवशी आजीने ‘मग पुढे काय झालं?’ एवढेच विचारावे. अट एकच: मूल अडले की लगेच शब्द पुरवायचा नाही, मनात पाचपर्यंत मोजायचे.

मजकूर नाही, ही तक्रार आता टिकत नाही. बालभारतीची पुस्तके आणि १९७१ पासूनचे ‘किशोर’चे अंक महाजालावर मोफत आहेत. प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीवीव्हर’वर पायरीनुसार मराठी गोष्टी मिळतात. माधुरी पुरंदरे यांच्या पुस्तकांचा येथे विशेष उपयोग होतो. ‘राधाचं घर’ हे शीर्षकच बोलीतल्या अनुस्वाराचे आहे. मुलाने कानांनी ऐकलेली मराठी त्याला प्रथम छापील भेटते. ‘राधाचे घर’ त्याला सहा महिन्यांनी भेटले तरी चालेल. शुद्धतेचा आग्रह धरणाऱ्या काही ज्येष्ठांना हे रुचत नाही, पण अरबीतील अडचण समोर असताना हा आग्रह लहान वर्गांत तरी सैल करावा.

आखातात राहणाऱ्या कुटुंबांना या विषयाचा आणखी एक पदर आहे, जो अमेरिकेतल्यांना नाही. येथे कोणी कायमचे राहत नाही. करार संपतो, कंपनी माणसे कमी करते आणि पाचवी-सहावीतले मूल एका जूनमध्ये ठाण्याच्या किंवा नाशिकच्या शाळेत उभे राहते. २०२० च्या कायद्याने महाराष्ट्रातील सर्व मंडळांच्या शाळांत मराठी शिकवणे सक्तीचे झाले आहे. अशा शाळेतल्या मराठीच्या तासाला, हिंदी उत्तम वाचणारे, घरी मराठी बोलणारे हे मूल वाचायला उभे राहते आणि ‘विहिरीतल्या’पाशी थांबते. वर्गातील इतर मुलांना ते परप्रांतीय वाटते. बुसैतीनमध्ये सातव्या-आठव्या वर्षी रोजची दहा मिनिटे मिळालेले मूल त्या शब्दापाशी थांबत नाही.